पायाखालचा सूर : कॅलिफोर्नियातलं कंट्री, १९६६ ते १९७६

मंडळी, आज ज्या संगीताबद्दल बोलायचं आहे त्याच्यावर एक आरोप कायम होत आला आहे, की ते फार मऊ आहे. दुपारी आडवं पडून लावावं, डोळा लागावा, एवढंच त्याचं काम. हा आरोप मला अजिबात मान्य नाही. साठच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेलं संगीत, आणि रॉक एकमेकांत मिसळले आणि त्यातून जे उमटलं, ते मऊ आहे हे खरं. पण तो मऊपणा मेहनतीने घडवलेला आहे, आणि त्याच्या पोटात मोठं दुःख आहे. मला आज ते एका वाद्याच्या अंगाने दाखवायचं आहे, कारण माझ्या मते या संगीताची ओढ आधी कानाला लागते, शब्द नंतर पोचतात.

ते वाद्य म्हणजे पेडल स्टील गिटार. ही गळ्यात अडकवत नाहीत. चार पायांवर ती समोर आडवी असते आणि वादक खुर्चीवर बसतो. तारा बहुधा दहा. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत दांडा. पडदे दाबायचे नसतात, त्यांच्या नुसत्या खुणा असतात. दांडा तारांवर टेकवून सरकवायचा. इथपर्यंत ही हवाईयन गिटारच आहे. हवाईतल्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रुजवली, असं मानतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेला हवाईयन संगीताचं वेड लागलं आणि तिथून ही गिटार कंट्री संगीतात शिरली. तीच आपल्याकडेही आली. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात तिचा सूर किती ठिकाणी आहे हे इथल्या ज्येष्ठांना वेगळं सांगायला नको. ब्रिजभूषण काब्रांनी तर तिच्यावर रागदारी वाजवली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका घराघरांत होती.

पण अमेरिकेत या गिटारला पुढे पायपट्ट्या लागल्या, आणि सगळी गंमत त्यात आहे. एक पट्टी दाबली की ठरावीक तारांचा ताण वाढतो, बाकीच्या तारा जिथल्या तिथे राहतात. आपल्या भाषेत सांगतो. तारा सा, ग, प अशा वाजताहेत. डाव्या पायाने दोन पट्ट्या दाबल्या. एकीने पंचम धैवतापर्यंत चढला, दुसरीने गंधार मध्यमापर्यंत. षड्ज मात्र हलला नाही. आपल्याकडची मींड म्हणजे एका स्वराचा प्रवास. इथे तीन स्वर एकत्र वाजत असतात, त्यातले दोन सरकतात आणि तिसरा घट्ट उभा असतो. म्हणून तो आवाज एकाच वेळी स्थिरही वाटतो आणि घसरतोयसाही वाटतो. १९५४ साली वेब पिअर्स या गायकाच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने असा वाकणारा सूर वाजवला. गाणं तुफान चाललं आणि कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमधल्या स्टील वादकांची ते ऐकून पायपट्ट्या बसवून घ्यायला धावपळ उडाली.

आता उजवा पाय. तो आवाज कमीजास्त करणाऱ्या पट्टीवर असतो. वादक तार छेडतो तेव्हा आवाज जवळजवळ बंद असतो. छेडून झाल्यावर तो हळूच उघडतो. त्यामुळे नखीचा आघात ऐकूच येत नाही. आणि तार विझू लागली की तो पट्टी आणखी दाबतो, म्हणजे सूर विझतही नाही. सुरुवात नाही, शेवट नाही, असा सूर. गुडघ्यांनाही काम असतं, त्यांच्याजवळ आणखी कळा असतात. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, एवढं सगळं शरीर राबतं तेव्हा तो आपल्याला ‘आरामाचा’ वाटणारा आवाज निघतो. मऊपणा मेहनतीचा म्हणतो तो याच अर्थाने.

सायकेडेलिक, म्हणजे भ्रम आणणाऱ्या नशेच्या अनुभवांतून स्फुरलेलं संगीत, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भडक रंग, कर्कश गिटार आणि कोड्यात टाकणारे शब्द येतात. १९६६-६७ चं बरंचसं संगीत तसं होतंही. लॉस एंजेलिसमधल्या द बर्ड्‌स या बँडचं ‘एट माइल्स हाय’ १९६६ चं. त्यांच्या कानांत त्या वेळी जॅझमधला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि रविशंकर घुमत होते. ते ज्या वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओत तालीम करत, त्याच कंपनीने रविशंकरांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या होत्या. दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, हाच बँड नॅशव्हिलला जाऊन निखळ कंट्री ध्वनिमुद्रित करतो. लोक चक्रावले. पण मला हा उलटा प्रवास वाटत नाही. ज्या कानांनी रेंगाळणारा सूर ऐकला होता, त्याच कानांना स्टील गिटार सापडली. फरक एवढाच की आता शब्द जमिनीवर आले. घर, आई, तुरुंग, दारू, परतीचा रस्ता. बोल साधे आणि सूर तरंगता, या जोडीतच या संगीताचा जीव आहे.

बर्ड्‌सना या वाटेवर नेणारा मुलगा ग्रॅम पार्सन्स. वय एकवीस. फ्लोरिडात जन्म, जॉर्जियात बालपण, घरी संत्र्यांच्या बागांचा पैसा. बारा वर्षांचा असताना, १९५८ च्या नाताळाच्या दोन दिवस आधी, वडिलांनी आत्महत्या केली. १९६५ मध्ये, त्याची शाळा संपली त्याच दिवशी, आई दारूपायी गेली. हार्वर्डला गेला, टिकला नाही. हे सांगायचं कारण असं, की तो जेव्हा हरवलेल्या घराबद्दल गातो तेव्हा ते उसनं घेतलेलं दुःख नसतं. मार्च १९६८ मध्ये बर्ड्‌स नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीच्या मंचावर उभे राहिले. ऑप्री म्हणजे कंट्रीवाल्यांची पंढरी. श्रोत्यांनी या लांब केसांच्या पोरांची हुर्यो उडवली. कंट्री गायक मर्ल हॅगर्डचं एक गाणं झालं, दुसरंही त्याचंच ठरलं होतं. ग्रॅमने आयत्या वेळी ते बाजूला ठेवलं आणि आजीचं नाव घेऊन स्वतःचं ‘हिकरी विंड’ गायलं. आयोजक संतापले.

त्या संतापामागचं वातावरण समजून घ्यायला हवं. व्हिएतनामवरून देश दुभंगला होता. त्याच वसंतात मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडीची. कंट्री म्हणजे सरकारच्या बाजूचे, लांब केस म्हणजे विरोधातले, अशी वाटणी होती. पुढच्याच वर्षी मर्ल हॅगर्डचं हिप्पींना सुनावणारं गाणं गाजलं. आणि तरीही ही पोरं त्याच हॅगर्डच्या पायाशी बसायला तयार होती. कॅलिफोर्नियात कंट्री हे काही बाहेरून आणलेलं रोपटं नव्हतं. तिसच्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी आणि मंदीने ओक्लाहोमाकडची हजारो कुटुंबं उखडली, ती कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डच्या आसपास शेतमजुरीला आली. हॅगर्ड त्यांच्यातलाच. हे विस्थापितांचं संगीत होतं, आणि ग्रॅमला ते बरोबर ऐकू आलं होतं.

बर्ड्‌स सोडून ग्रॅम आणि त्याच बँडमधला ख्रिस हिलमन यांनी फ्लाइंग बरीटो ब्रदर्स हा नवा बँड काढला. त्यांची १९६९ ची ‘द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन’ अवश्य ऐका, आणि ऐकताना त्यांचा स्टीलवादक स्नीकी पीट क्लाइनाऊकडे लक्ष द्या. हा माणूस ‘गम्बी’ या मातीच्या बाहुल्याच्या मालिकेसाठी एकेक चौकट हलवून चलत्चित्रं करायचा. तो पोटापाण्याचा धंदा, रात्री क्लबात स्टील. त्याने स्टीलचा आवाज फझ नावाच्या उपकरणातून काढून खरखरीत केला, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून सोडला. नॅशव्हिलमध्ये हे कुणी केलं नसतं. मुखपृष्ठावर चौघे भरजरी कंट्री पोशाखात आहेत. ग्रॅमच्या कोटावर अफूची फुलं, गांजाची पानं, गोळ्या, आणि पाठीवर मोठा क्रूस. त्यात थट्टा शोधू नका. त्याला दोन्ही जगं एकाच अंगावर हवी होती.

याच्या दुसऱ्या टोकाला मायकेल नेस्मिथ. मंकीज या टीव्हीवरल्या बँडमुळे लोक त्याला ओळखतात, आणि त्यामुळेच त्याच्या पुढच्या कामाकडे दुर्लक्ष झालं. १९७२ मध्ये त्याने एक ध्वनिमुद्रिका केली, तीत माणसं दोनच : गिटार आणि गळा नेस्मिथचा, पेडल स्टील रेड ऱ्होड्‌सची. ड्रम नाहीत, बेस नाही. ठेका धरायला कुणीच नसल्यामुळे स्टीलला मोकळं रान मिळतं. ऱ्होड्‌स कधी गायकाच्या ओळीखाली जाडसर सूर धरतो, कधी ओळ संपल्यावर तिचंच शेपूट पकडून वर नेतो. आपल्याकडे ख्यालात सारंगिया जे करतो, त्याची मला इथे नेहमी आठवण होते. मला एकच ध्वनिमुद्रिका निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन.

आता सॅन फ्रान्सिस्को. ग्रेटफुल डेड हा इथला बँड म्हणजे सायकेडेलियाचे मूळ पुरुष. अर्धा अर्धा तास एकच गाणं वाजवणारे. डिसेंबर १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच आल्टामाँटच्या खुल्या मैफलीत प्रेक्षकांतल्या एका तरुणाला भोसकून मारलं गेलं, आणि त्या पिढीचा सगळा भाबडेपणा तिथे संपला. त्यानंतरच्या वर्षभरात डेडने दोन ध्वनिमुद्रिका काढल्या, ‘वर्किंगमन्स डेड’ आणि ‘अमेरिकन ब्यूटी’. लहान लहान गाणी, लाकडी गिटारी, तीन गळ्यांची गुंफण. डेडचा गिटारवादक जेरी गार्सियाला पेडल स्टीलचं वेड लागलं होतं. उजव्या हाताचं मधलं बोट लहानपणी लाकूड फोडताना बरंचसं तुटलेलं, तरी तो ती शिकला. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग यांच्या ‘टीच युअर चिल्ड्रन’मधली ती सुप्रसिद्ध स्टील त्याचीच.

‘अमेरिकन ब्यूटी’ ऐकून लोक म्हणतात, किती प्रसन्न. १९७० च्या त्या उन्हाळ्याअखेरीस काय चाललं होतं ते ऐका. बेसवादक फिल लेशचे वडील कर्करोगाने शेवटच्या टप्प्यात होते. गार्सियाच्या आईला मोटार अपघात झाला आणि ध्वनिमुद्रण चालू असतानाच ती गेली. लेशने एक चाल बांधली, सूर न् सूर पक्का करून गीतकार रॉबर्ट हंटरच्या हातात टेप ठेवली. वडिलांसमोर गायला त्याला काहीतरी हवं होतं. ते ‘बॉक्स ऑफ रेन’. वडिलांना भेटायला मोटारीने जाताना तो ते गाणं घोटत असे. हा हंटर साठच्या दशकाच्या सुरुवातीला एलएसडी या भ्रम आणणाऱ्या द्रव्याच्या प्रयोगांत स्वेच्छेने बसलेला माणूस. त्याच्याकडून आपण चित्रविचित्र शब्दांची अपेक्षा करू. पण लंडनमध्ये एका दुपारी ‘रिपल’, ‘ब्रोकडाउन पॅलेस’ आणि आणखी एक अशी तीन गाणी त्याने लिहिली, ती एखाद्या जुन्या भजनासारखी सरळ आहेत. ज्याने मनाचे टोकाचे प्रदेश पाहिले, त्याने तिथून साधेपणा आणला, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याच काळात, त्याच शहरात, ‘टीच युअर चिल्ड्रन’वाल्या चौकडीतला डेव्हिड क्रॉस्बी स्टुडिओत रात्री काढत होता. सप्टेंबर १९६९ मध्ये त्याची प्रेयसी क्रिस्टीन हिंटन अपघातात गेली होती. घरी जाववत नव्हतं. गार्सिया, लेश आणि इतर मित्र येऊन बसत, वाजवत. १९७१ मध्ये ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं. त्यात काही ठिकाणी शब्दच नाहीत. शेवटी एकट्या क्रॉस्बीचा आवाज एकावर एक चढवलेला आहे, नुसते स्वर. मऊपणा म्हणजे पळवाट, असं म्हणणाऱ्यांनी ती शेवटची दीड मिनिटं ऐकावी.

याच मंडळींच्या शेजारात आपल्या माहीमचा झाकीर हुसेन होता, हेही सांगायला हवं. अली अकबर खाँसाहेबांचं महाविद्यालय सॅन फ्रान्सिस्कोजवळ मरिन भागात, आणि डेडची मंडळी त्याच भागात राहणारी. डेडचा ड्रमर मिकी हार्ट आणि झाकीर यांनी ‘दिगा ऱ्हिदम बँड’ काढला, त्यांची ध्वनिमुद्रिका १९७६ ची, आणि तीतल्या दोन तुकड्यांत गार्सियाची गिटार आहे. त्यातला एक तुकडा पुढे डेडच्या ‘फायर ऑन द माउंटन’ या गाण्यात वाढला.

ईगल्स हा लोकप्रिय बँड आणि त्यांच्यामागून आलेला गुळगुळीत सॉफ्ट रॉक यावर मी फार बोलणार नाही. बरीटोजमधलाच बर्नी लेडन त्यांच्यात होता, कसब निर्विवाद आहे. पण तिथे प्रत्येक कडा घासून टाकलेली असते, दुःखाचीसुद्धा. त्यापेक्षा जीन क्लार्कची १९७४ ची ‘नो अदर’ ऐका. बर्ड्‌सचाच हा जुना सहकारी, मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर समुद्राकडे बघत त्याने ती गाणी लिहिली. खर्च एक लाख डॉलर्सच्या वर, गाणी आठ. कंपनीने पाठ फिरवली, विक्री झाली नाही, क्लार्क १९९१ मध्ये गेला. २०१९ मध्ये ती देखण्या रूपात पुन्हा निघाली तेव्हा कुठे तिला तिचे श्रोते मिळाले.

नशेचा प्रश्न टाळता येणार नाही, कारण तरुण मंडळी इथे बसली आहेत. ग्रॅम पार्सन्स १९ सप्टेंबर १९७३ ला वाळवंटातल्या जोशुआ ट्रीच्या एका मोटेलमध्ये मॉर्फिन आणि दारूने गेला. वय सव्वीस. गार्सियाची अर्धी हयात हेरॉइनने पोखरली. यात मला काहीही काव्यात्म दिसत नाही. पट्टी, दांडा आणि गुडघ्याची कळ यांचं गणित शुद्धीवर राहूनच शिकावं लागतं. ते सूर नशेतून आले असं म्हणणं म्हणजे त्या हातापायांच्या रियाजाचा अपमान आहे.

हे संगीत टिकवलं ते एमिलू हॅरिसने. वॉशिंग्टनमधल्या लहान क्लबांत लोकगीतं म्हणणारी ही मुलगी ग्रॅमबरोबर दोन ध्वनिमुद्रिकांत गायली. तो गेल्यावर तिने स्वतःचा बँड उभा केला, त्यात नॅशव्हिलच्या आणि कॅलिफोर्नियाच्या तोडीचे वादक घेतले, आणि ग्रॅमची गाणी गावोगाव गात राहिली. १९७५ च्या अखेरीस आलेल्या ‘एलिट हॉटेल’मध्ये त्याची तीन गाणी आहेत. त्यातली दोन बरीटोजच्या काळातली, जी तेव्हा फारशी कुणी विकत घेतली नव्हती. १९७६ मध्ये ही ध्वनिमुद्रिका कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. ऑप्रीत हुर्यो उडवणाऱ्या श्रोत्यांच्याच घरात ती गाणी आता लागत होती.