गोळी दिली, पण समजावलं का?

श्रोतेहो, नमस्कार.

महापालिकेच्या रुग्णालयातली सकाळची ओपीडी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. केसपेपरसाठी रांग, डॉक्टरांसमोर दोन-तीन मिनिटं, मग औषधांच्या खिडकीपाशी पुन्हा रांग. खिडकीतून गोळ्यांच्या पट्ट्या येतात. त्यांवर पेनाने दोन रेघा ओढलेल्या असतात, म्हणजे दिवसातून दोनदा. तेवढ्यात मागच्या माणसाचा हात खांद्यावरून पुढे आलेला असतो. मधुमेह जन्मभर सांभाळायचा, आणि त्याचं एवढंच शिक्षण घेऊन माणूस परतीची लोकल पकडतो. तीन महिन्यांनी साखर वाढलेली दिसली की त्याला ऐकवलं जातं, "तुम्ही पथ्य पाळतच नाही."

हा आरोप मला पटत नाही. रुग्णांना त्यांची औषधं समजावून सांगणं हे माझं रोजचं काम आहे. मुद्दाम हेळसांड करणारे मला फार थोडे भेटले. अर्धवट कळलेलं मन लावून पाळणारे मात्र पुष्कळ भेटतात.

एका आजींचं सांगते. गोळी कधी घेता, विचारलं तर म्हणाल्या, "रोज, न चुकता, नाश्त्याच्या आधी." अगदी बरोबर उत्तर. मी विचारलं, "आणि संकष्टीला?" "तेव्हाही घेते की! औषधाला कसला आलाय उपास?" त्यांची गोळी ग्लिमेपिराइडची. ती घेतली की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, पोटात अन्न असो वा नसो. चंद्रोदय रात्रीचा. रिकाम्या पोटी रक्तातली साखर फार उतरायची. दुपारनंतर आजींचे हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा. त्यांना वाटायचं, वय झालं, आता उपास झेपत नाही.

उपास सोडा, असं सांगून काही साधलं नसतं. शिवाय तो अधिकार माझा नाही. डॉक्टरांना विचारून त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं ते ठरवून घेतलं. घाम फुटला, थरथर सुरू झाली, तर चंद्राची वाट न बघता लगेच साखरपाणी प्यायचं, हेही ठरलं. साबुदाण्याच्या खिचडीचा विषय निघाला, कारण उपासाला चालते म्हणून ताट भरून खाल्ली तर साखर उलट झपाट्याने चढते. शेवटी मी म्हटलं, "आजी, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" त्यांनी सगळं सांगितलं, फक्त गोळीचं राहून गेलं. पुन्हा बोललो. दुसऱ्या खेपेला तेही आलं.

"समजलं ना?" या प्रश्नाला प्रत्येक जण मान डोलावतो. समोर पांढरा कोट, मागे रांग, मग नाही कोण म्हणणार? म्हणून रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यायचं. काही सुटलं, तर ते आपल्या सांगण्यात सुटलं असं धरून पुन्हा सांगायचं.

क्षयरोगाच्या उपचारात तर एका वाक्याने फरक पडतो. रिफॅम्पिसिन या औषधाने लघवीला केशरी-लालसर रंग येतो. त्याने अपाय होत नाही. पण आधी कोणी बोललं नसेल, तर माणूस घाबरून गोळ्याच बंद करतो. दुसरं वळण काही आठवड्यांनी येतं. खोकला थांबतो, भूक लागते, बरं वाटतं. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, जंतू अजून शरीरात असतात, आणि नेमक्या त्याच वेळी रोजंदारी बुडवून औषध आणायला जाणं जिवावर येतं. तिथे नुसतं समजावून भागत नाही. औषध घराजवळ मिळावं लागतं, पोटाला नीट मिळावं लागतं. निक्षय पोषण योजनेत 2018 पासून महिन्याला 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 मिळतात. आणि चाळीत कोणाला कळू नये म्हणून गोळ्या डब्यामागे लपवणाऱ्या मुलीला, घरच्यांना समोर बसवून बोलणारं कोणीतरी हवं असतं. त्या मनावरच्या ओझ्याची नोंद केसपेपरवर कुठेच होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्येच म्हटलं होतं की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. तेव्हा आपल्याकडच्या गरिबीवर किंवा अडाणीपणावर खापर फोडून हात झटकता येणार नाहीत.

सांगणं आणि सांभाळणं यांतला फरक मुंबईतच मोजला गेला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये इथल्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. एका गटाला कर्करोगाची माहिती दिली. दुसऱ्या गटाला माहितीबरोबर दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणीही मिळाली. तपासणी म्हणजे सौम्य ॲसिटिक ॲसिड, आपल्या व्हिनेगरमधलं तेच, लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. ती करणाऱ्या बाया दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या. काही आढळलं तर टाटामध्ये मोफत उपचार. बारा वर्षांनी पाहिलं, तर तपासणीच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले होते. नुसती माहिती मिळालेल्या गटाला तपासणी दिली नाही यावर पुढे टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. पण ज्यांनी दारोदार जाऊन, सासूची समजूत काढून बायकांना तपासणीपर्यंत आणलं, त्यांचं मोल त्याने कमी होत नाही.

आज आपल्या वस्त्यांत आरोग्य सेविका हेच काम करतात. 2022 पासून 'आपला दवाखाना' आहे, कामावरून सुटल्यावर संध्याकाळीही जाता येतं. मात्र अशा प्रत्येक ठिकाणी औषधांच्या खिडकीशेजारी एक टेबल आणि समजावून सांगणारं एक माणूस असलंच पाहिजे, आणि तेही कायमच्या नेमणुकीवर. मधुमेहाबद्दल एकदा शिकवलेलं, संपर्क तुटला की काही महिन्यांत ओसरतं, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

ते टेबल येईपर्यंत तुम्ही एवढं करा. पुढच्या तारखेला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, मुलाने आणलेल्या आणि वैद्यांनी दिलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. घरातलं एक माणूस बरोबर घ्या. खिडकीवर रांग कितीही असो, विचारा: ही गोळी कशासाठी, एक वेळ चुकली तर काय करू, उपासाच्या दिवशी काय करू? उत्तर मिळालं की ते तिथल्या तिथे स्वतःच्या शब्दांत म्हणून दाखवा.

नमस्कार.