नियम काढला तर गोष्ट मोडली पाहिजे

मित्रहो, उत्तम लेखन असलेला व्हिडिओ गेम सुचवा म्हटलं की बहुतेक जण संवाद किती छान आहेत तेवढंच बघतात. माझी कसोटी जरा कडक आहे: खेळाचा नियम काढून घेतला तर गोष्ट मोडली पाहिजे. या कसोटीला सगळ्यात खणखणीत उतरतो तो एस्टोनियन मंडळींनी घडवलेला २०१९चा ‘डिस्को एलिसियम’.

स्मृती गमावलेला दारुडा डिटेक्टिव्ह आणि हॉटेलमागच्या झाडाला लटकलेलं प्रेत, इथून गोष्ट सुरू होते. मारामारीची वेगळी यंत्रणा नाहीच. जे घडतं ते बोलण्यात घडतं. चार मूळ गुणांखाली सहा-सहा अशी २४ कौशल्यं आहेत आणि ती नायकाच्या डोक्यात बडबडत असतात. जे कौशल्य वाढवाल ते जास्त तोंड घालतं, चुकीचा सल्लाही ठासून देतं. म्हणजे पात्र घडवताना तुम्ही गोष्टीचा निवेदकच निवडत असता. लेखनाच्या दृष्टीने ही विलक्षण गोष्ट आहे.

आता व्यवहाराचं. सुरुवातीला त्या चार मूळ गुणांवर पॉइंट वाटायचे असतात. नवखे लोक ते सगळे बुद्धी आणि मन या गुणांवर उधळतात, शरीर १ वर ठेवतात. मग पहिल्याच खोलीत पंख्याला अडकलेला टाय ओढताना नायक हृदयविकाराने मरून गेम संपू शकतो. शरीराला दोन-तीन पॉइंट द्याच.

काही अवघड करायला किंवा बोलायला गेलात की गेम तुमच्या कौशल्याची कसोटी घेतो. प्रत्येक कसोटीला दोन फासे पडतात आणि त्यांत तुमचं कौशल्य मिळवलं जातं. दोन्ही ६ आले तर यश ठरलेलं, दोन्ही १ आले तर अपयश ठरलेलं. कसोट्या पांढऱ्या आणि लाल रंगात दिसतात. पांढरी हुकली तर ते कौशल्य वाढवल्यावर पुन्हा उघडते, म्हणून एखादा पॉइंट हातात राखून ठेवा. लाल कसोटी एकदाच मिळते. पण हुकली म्हणून जुना सेव्ह लोड करू नका, ही माझी कळकळीची विनंती. अपयशासाठी लिहिलेले प्रसंग इथे अनेकदा यशापेक्षा सरस आहेत. मजकूर प्रचंड आहे. इंग्रजी वाचून दमत असाल तर २०२१ची ‘फायनल कट’ आवृत्ती घ्या, तिच्यात संवाद ऐकता येतात.

दुसरा गेम लुकस पोप या गेमकाराचा, २०१८चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. साल १८०७, ईस्ट इंडिया कंपनीसाठी तपास, ‘ओब्रा डिन’ जहाजावरच्या ६० माणसांचं काय झालं ते शोधायचं. प्रेताजवळ हातातलं जादुई घड्याळ धरलं की शेवटचे आवाज ऐकू येतात, मग तो क्षण गोठलेला दिसतो. तीन जणांची नावं आणि नशीब बरोबर लिहिल्याशिवाय तपासाची वही काहीच पक्कं करत नाही, त्यामुळे अंदाजपंचे फार चालत नाही. वहीतल्या चित्रात एखाद्याचा चेहरा धूसर असेल तर पुरावा अजून अपुरा आहे. तिथे अडकून न राहता पुढे जा. बोलण्याची ढब ऐका, कपडे बघा, कोण कुणाजवळ उभा आहे ते बघा.

वेळच नसेल तर एका कुटुंबातल्या मृत्यूंच्या गोष्टी सांगणारा ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ दोन-तीन तासांत होतो.

‘आउटर वाइल्ड्स’ हा यानातून अंतराळ धुंडाळण्याचा गेम मात्र सवडीने खेळा. दर २२ मिनिटांनी सगळं पहिल्यासारखं होतं, उरतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. म्हणूनच त्याची उत्तरं इंटरनेटवर बघितली की खेळायला काही शिल्लक राहत नाही. अडलात तर यानातली नोंदवही उघडा. कुठे शोधायचं राहिलंय ते तिच्यात दिसतं.