यादीत नाव नाही

[दृश्य: इंदूर, रामबाग. घरातलं टेबल, चालू कॉम्प्युटर.]

कोअर आय-५ ७४००. चार कोअर, ३ गिगाहर्ट्झ, ८ जीबी रॅम. २०१७ चा, सातव्या पिढीचा प्रोसेसर, कामाला अजून तरतरीत. विंडोज ११ मात्र याला अपात्र ठरवतं. उलट सेलेरॉन एन४००० चा दोन कोअरचा, ४ जीबी रॅमचा रडतखडत चालणारा लॅपटॉप पात्र!

गाडी अडते ती मायक्रोसॉफ्टच्या पात्र प्रोसेसरच्या यादीवर. इंटेलची साधारण आठवी पिढी आणि पुढची, शिवाय टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय). कारण सांगितलं गेलं सुरक्षेचं, आणि त्यात तथ्यही आहे. पण सातव्या पिढीतला आय-७ ७८२०एचक्यू पुढे यादीत आला. मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ मध्ये तो बसवलेला होता. आपला तो बाब्या.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन त्या दिवशी बंद पडलं नाही. नेहमीचे सुरक्षा अपडेट आटले.

[दृश्य: स्क्रीनवर टीपीएम डॉट एमएससी, म्हणजे टीपीएमची स्थिती दाखवणारी विंडोजची खिडकी.]

'अपात्र' दिसलं की लगेच खरेदीला निघू नका. आधी प्रोसेसरचा नंबर बघा. आठवी पिढी असूनही टीपीएम सापडत नसेल, तर बहुधा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ते बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. चालू केलं की काम झालं, खर्च शून्य.

मग सिक्युअर बूटसाठी एमएसइन्फो३२ (विंडोजचं माहिती दाखवणारं टूल) उघडून बायोस मोड बघा. 'लेगसी', म्हणजे जुनी पद्धत, असेल तर क्रम सांभाळा: बॅकअप, बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) थांबवणं, एमबीआर२जीपीटी या टूलने डिस्कची मांडणी जुन्या एमबीआरवरून जीपीटीवर नेणं, आणि त्यानंतरच बायोसमध्ये यूईएफआय ही नवी पद्धत. आधी बायोस बदललात तर विंडोज सुरूच होणार नाही, आणि लोक समजतात हार्ड डिस्क गेली. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर हे टूल सरळ नकार देतं.

[दृश्य: आरएनटी मार्ग, सिल्व्हर मॉल. काउंटरवर उघडा मदरबोर्ड.]

प्रोसेसर खरोखरच जुना असेल तर पहिला विचार येतो, नुसता आय-५ ८४०० टाकू. सॉकेट तोच, एलजीए ११५१, चिप बसतेही. पण एच११० किंवा बी२५० या जुन्या बोर्डवर ती चालत नाही, ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर जोडीनेच. रॅम डीडीआर४ असेल तर वाचते. एच११० चे काही बोर्ड डीडीआर३ चेही होते. तसा निघाला तर रॅमही बदलणं आलं. एसएसडी, एसएमपीएस (पॉवर सप्लाय), कॅबिनेट तेच ठेवा. 'पूर्ण सेट घ्या' म्हणणाऱ्या दुकानदाराला हे हिशेबात धरायला लावा.

तपासणी चुकवून विंडोज ११ टाकताही येतं, मात्र पुढच्या अपडेटची हमी नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर पॉपसीएनटी ही प्रोसेसरची आज्ञा (इन्स्ट्रक्शन) नसलेल्या जुन्या कोअर २ ड्युओवर ते सुरूच होत नाही. लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत प्रणाली जुन्या मशीनवर छान चालते. फक्त त्या घरात टॅलीवर हिशेब होत असतील तर आधी विचारा, कारण टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे.