लहान मुलांच्या घरात कोंबडी आणताना

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या बाजारातून जाताना टोपलीत चिवचिवणारी गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्ले आपण केव्हा ना केव्हा पाहिली असतील. मूल हट्ट धरते, चार पैशांत पिल्लू घरी येते, बुटांच्या खोक्यात कापूस घालून त्याची सोय केली जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते मान टाकते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश ऊब लागते, आणि ती खोक्यातल्या कापसाने मिळत नाही. ही पिल्ले बहुधा अंड्यांसाठी वाढवल्या जाणाऱ्या लेगहॉर्न वाणाचे नर असतात. ती अंडी देणार नाहीत, अंगावर मांसही धरणार नाहीत, म्हणून उबवणी केंद्राला ती नकोशी असतात आणि रंगात बुडवून मुलांच्या नजरेसमोर मांडली जातात. त्यातून एखादे जगलेच, तर चार-पाच महिन्यांनी अंगणात एक बुजरा, कुंपणावर झेपावणारा, हात लावू न देणारा कोंबडा फिरू लागतो आणि ‘कोंबडी पाळणे हे आपले काम नव्हे’ असा निकाल घरात कायमचा लागतो.

कुत्रा आणताना आपण जात विचारतो, स्वभाव विचारतो, घरात तान्हे मूल आहे हे सांगून सल्ला घेतो. कोंबडीच्या बाबतीत मात्र कोणतीही आणली तरी सारखीच, अशी आपली समजूत असते. वास्तविक कोंबडीच्या जातीजातींत जेवढा स्वभावभेद आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या पाळीव पक्ष्यात असेल. जात कशासाठी जोपासली गेली, यावर तो पुष्कळसा ठरतो. भरपूर अंडी देणारी लेगहॉर्न अंगाने हलकी, चपळ आणि भित्री असते. एखादे भांडे पडले तरी सगळा कळप खुराड्याच्या जाळीवर आदळतो. असील पिढ्यानपिढ्या झुंजीसाठी वाढवलेली आहे. माणसाशी ती पुष्कळदा शांतपणे वागते, पण दुसऱ्या पक्ष्याशी तिचे पटत नाही, आणि दोन पक्षी एकमेकांवर तुटून पडलेले असताना त्यांना सोडवायला धावणारे पहिले माणूस घरातले मूलच असते.

आता आपल्या भागातला माणूस साहजिकच विचारील की कडकनाथ का नको? झाबुआ येथून दीडशे किलोमीटरवर आहे, कडकनाथच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि काळा तुरा, काळी चोच, काळे पाय असा तो हिरवट झाक मारणारा पक्षी दिसतोही मोठा रुबाबदार. हा पक्षी काटक आहे, माळव्याचा उन्हाळा त्याला बाधत नाही, भिल्ल आणि भिलाला शेतकऱ्यांनी तो परसात मोकळा सोडून सांभाळला आहे. पण मोकळे सोडलेले असताना घार, मांजर, मुंगूस यांच्यापासून जीव वाचवायचा तर जी सावधगिरी अंगी लागते, तीच मुलाच्या दृष्टीने अडचणीची ठरते. दीड किलोच्या आतबाहेरची ही कोंबडी क्षणात भिंतीवर चढते. पाच वर्षांच्या मुलाने ‘ये, ये’ म्हणून हाका मारल्याने ती काही येत नाही. शिवाय काळ्या कोंबडीचे काळे अंडे पाहायला मिळेल या आशेने कडकनाथ आणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्यासाठी सांगतो, की तिचे अंडे फिकट बदामी असते.

इंग्रजी पुस्तके उघडली, तर मुलांच्या घरासाठी म्हणून कोचीन, ब्रह्मा, ऑर्पिंग्टन आणि सिल्की ही नावे हमखास पुढे येतात. यांतल्या पहिल्या दोन नावांनी आपण फसू नये. कोचीन केरळातली नव्हे, ती चीनमधून १८४०च्या दशकात इंग्लंडात गेली. ब्रह्माचे नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले असले, तरी ती जात अमेरिकेत घडली आणि तिचे पूर्वज शांघाय बंदरातून गेलेले होते. नावे आपली वाटतात, पक्षी मात्र थंड हवेचे. स्वभावाविषयी पुस्तके जे सांगतात ते खरे आहे: या कोंबड्या जड असतात, त्यांना फारसे उडता येत नाही, उचलले तर त्या धडपडत नाहीत, आणि कोचीन तर मांडीवर मांजरासारखी बसून राहते. सिल्कीच्या पिसांना एकमेकांत अडकणारे आकडे नसल्यामुळे ती पिसे लोकरीसारखी मऊ लागतात, आणि गंमत म्हणजे त्या पांढऱ्या लोकरीखालची तिची कातडी कडकनाथसारखीच काळी असते.

अडचण आहे ती आपल्या हवेची आणि आपल्या मातीची. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे एवढाच तिला उपाय असतो. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पिसांची दुलई पांघरलेल्या ब्रह्मा कोंबडीची दुपार पाहवत नाही. पावसाळ्यात निराळाच त्रास होतो. कोचीन आणि ब्रह्मा यांच्या पायांवर बोटांपर्यंत पिसे असतात, आणि माळव्याची काळी चिकट माती त्या पिसांना अशी धरते की संध्याकाळपर्यंत प्रत्येक बोटाला सुपारीएवढा गोळा वाळून बसतो. तो कोमट पाण्यात भिजवून सोडवावा लागतो. ओढून काढला तर पिसासकट येतो आणि रक्त निघते. सिल्कीच्या पिसांवरून पाणी ओघळत नाही, ती एका सरीत चिंब होऊन थरथरत राहते. घराला पक्का ओटा असेल, कोरडी आणि हवेशीर जागा असेल, तर सिल्की जरूर पाळावी, कारण ती वरचेवर खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, आणि शेजारून फलित अंडी आणून तिच्याखाली ठेवली, तर एकविसाव्या दिवशी मुलांना जे पाहायला मिळते ते अन्यथा मिळणे कठीण. पण उघड्या मातीच्या अंगणात तिचे हाल होतील.

म्हणून माझे मत मधल्या जातींच्या बाजूने आहे. काळ्यापांढऱ्या आडव्या पट्ट्यांची प्लिमथ रॉक आणि संपूर्ण काळी ऑस्ट्रेलॉर्प या दोन्ही जाती अंगाने भरलेल्या, स्वभावाने संथ आहेत, आणि त्यांचे पाय पिसांवाचून स्वच्छ असल्यामुळे चिखलाची भानगड नाही. ऑस्ट्रेलॉर्प ही इंग्लंडातल्या काळ्या ऑर्पिंग्टनपासून ऑस्ट्रेलियात तयार झाली. तिचा काळा रंग उन्हात तापतो, म्हणून तिला दिवसभर सावली मिळेल एवढे पाहावे. या मिळाल्या नाहीत, तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत परसातल्या पालनासाठी विकसित केलेली वनराजा घ्यावी. ती दणकट आहे आणि लहानपणापासून हाताळली तर माणसाळते. ऱ्होड आयलंड रेड ही लाल कोंबडीही चांगली, पण तिचे नर तापट निघतात. कोणत्या जातीची पिल्ले कुठे मिळतील, याची चौकशी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात करावी.

नराविषयी मात्र मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. अंडी मिळण्यासाठी कोंबड्याची गरज नसते, आणि जात कितीही गरीब असली तरी वयात आलेला कोंबडा आपल्या कळपाचे रक्षण करतोच. काही वर्षांपूर्वी ‘सगळ्या माद्याच आहेत’ अशा ग्वाहीवर मी सहा पिल्ले विकत घेतली. पाचव्या महिन्यात त्यांतली तीन आरवू लागली. त्यांतल्या एकाने, जो माझ्या नातीच्या हातचे दाणे खात वाढला होता, तिने खाली बसून सांडलेली बाजरी वेचायला घेतल्याबरोबर दोन्ही पाय पुढे करून तिच्यावर उडी घेतली. पायामागचा काटा गालावर उमटला, डोळ्यापासून दोन बोटे खाली. मूल उंचीने लहान असते, कोंबड्याच्या उडीची आणि मुलाच्या डोळ्यांची पातळी जवळपास एकच पडते, हे तोवर मला सुचले नव्हते. त्यानंतर मी एक दिवसाची पिल्ले घेणेच सोडले. अडीच-तीन महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या घेतल्या, तर नरमादी बऱ्यापैकी ओळखू येते, मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाच्या लसी झालेल्या असतात आणि उबेचा दिवा लावत बसावे लागत नाही. एकटी कोंबडी झुरते, म्हणून निदान तीन घ्याव्यात.

जात निवडून झाली, की उरलेला अर्धा स्वभाव आपण घडवायचा असतो. मुलाने कोंबडीचा पाठलाग करायचा नाही, हा पहिला नियम. जमिनीवर मांडी घालून बसावे, तळहातावर कण्या ठेवाव्यात आणि वाट पाहावी. वरून झडप घालणारा हात कोंबडीला घारीसारखा वाटतो. तोच हात खालून, छातीखाली सरकवला आणि दुसऱ्या हाताने पंख अंगाशी धरले, तर ती शांत राहते. थोड्या वेळाने तिचा डोळा मिटू लागतो, आणि पापणी वरून खाली न येता खालून वर चढते. हे पहिल्यांदा दिसले तेव्हा माझी नात श्वास रोखून पाहत राहिली होती. नखांना लाल रंग, चकचकीत बटणे किंवा कानातले डूल असतील, तर चोच तिकडे जाणारच. त्यात राग नसतो, दाणा समजून टोचलेले असते. त्यामुळे चेहऱ्याजवळ कोंबडी धरू द्यायची नाही.

तिचा मुका घेऊ देऊ नये, याला आणखी एक कारण आहे. वरून निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेत आणि पिसांवर साल्मोनेला जंतू असू शकतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्यापासून अधिक धोका असतो. इतक्या लहान मुलांनी कोंबडी मोठ्यांच्या मांडीवर असताना पाहावी, हाताळू नये; थोरल्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. आमच्याकडे अंगणातल्या नळाशी साबण दोरीने टांगलेला आहे. अंड्यांची कढईही आजवर वेगळीच आहे, पण त्याचे कारण जंतू नसून माझ्या आईचा सोवळेपणा आहे. २०२१च्या जानेवारीत इंदूरमध्ये मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला होता, तेव्हा आम्ही कोंबड्या महिनाभर जाळीत कोंडल्या आणि मुलांना लांब ठेवले. अंगणात कावळा मेलेला दिसला, तर त्याला हात न लावता पशुवैद्यकीय विभागाला कळवावे.

एक गोष्ट विकत घेण्यापूर्वीच घरात बोलून ठेवावी. कोंबडी चांगली अंडी देते ती पहिली दोन-तीन वर्षे, आणि जगते मात्र सहा-आठ वर्षे. मुलाने जिला नाव दिले आहे, तिचे पुढे काय करायचे हे तिचे अंडे थांबल्यावर ठरवायला बसलात, तर त्या चर्चेत मूलही बसलेले असेल. आमची एक पट्टेरी प्लिमथ रॉक आता सातव्या वर्षात आहे. दोन वर्षांत तिने अंडे दिलेले नाही, दाणे मात्र वाटीभर खाते, आणि नात शाळेतून आली की दप्तर खाली ठेवण्याआधी ती फाटकापाशी पोचलेली असते.

नमस्कार.