थ्रॉटल सेन्सर बदलायच्या आधी मल्टीमीटर लावा

गाडी जुनी आहे, सिग्नलवरून निघताना झटके खाते, एका ठरावीक स्पीडला पाय स्थिर ठेवला तरी पुढे-मागे ओढल्यासारखी चालते, आणि पाय जरा जास्त दाबला की एकदम ठीक होते. असं कोणी सांगितलं की माझं लक्ष आधी थ्रॉटल पोझिशन सेन्सरकडे जातं, म्हणजे पाय दाबला की उघडणारी इंजिनच्या हवेची झडप (थ्रॉटल) किती उघडी आहे ते व्होल्टेजने सांगणाऱ्या भागाकडे. लक्ष जातं म्हणजे लगेच बदला असं मी म्हणत नाहीये, उलट तेच टाळायचंय.

आतमध्ये कार्बनची एक पट्टी असते, तिच्यावरून एक काटा घासत फिरतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसाच. आता बघा, रोजच्या चालवण्यात आपला पाय बहुतेक वेळ थोडासाच दाबलेला असतो, म्हणजे काटा पट्टीच्या त्याच तुकड्यावर वर्षानुवर्षं घासतोय, मग झिजणार पण तोच तुकडा. तिथे काटा आला की सिग्नल क्षणभर तुटतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं पाय सोडला, की ते पेट्रोल कमी करतं, परत सिग्नल आला की वाढवतं, तोच झटका. पाय जास्त दाबल्यावर गाडी सुधारते कारण काटा चांगल्या भागावर गेलेला असतो.

बरं, स्कॅनर (ईसीयूमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, पी०१२२ किंवा पी०१२३ कोड आला. पहिल्याचा अर्थ सिग्नलचं व्होल्टेज फार कमी, दुसऱ्याचा फार जास्त. सेन्सर खराब असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही! ५ व्होल्टची वायर तुटली तरी सिग्नल शून्याकडे जातो, आणि अर्थिंगची वायर तुटली तर सिग्नल थेट ५ व्होल्टकडे चढतो, सेन्सर अगदी नवा असला तरी. म्हणून आधी वायरी. इग्निशन चालू, इंजिन बंद, कनेक्टर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने मल्टीमीटरचा प्रोब घाला. एका वायरीवर ५ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत, अर्थिंगच्या वायरीवर जवळजवळ शून्य. ५ व्होल्ट नसतील तर दुसरे सेन्सर पण बघा, कारण खूप गाड्यांमध्ये ही लाईन सगळ्यांची एकच असते आणि एक शॉर्ट झाला की सगळे बसतात.

वायरी ठीक निघाल्या तर सिग्नलवर या. थ्रॉटल बंद असताना साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४.५ च्या जवळ, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. इथेच बरेच जण थांबतात, दोन्ही टोकं बरोबर आली म्हणजे सेन्सर ओके, आणि हे चूक आहे कारण बिघाड टोकांना नसतोच, तो मध्ये असतो. थ्रॉटल अगदी सावकाश उघडा, पहिला पाव भाग तर फारच सावकाश, आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच खाली पडून परत वर आला तर ती जागा झिजली. यासाठी काट्याचा जुना मीटर मला जास्त आवडतो, डिजिटल मीटर आकडा दाखवेपर्यंत छोटा खड्डा निघून गेलेला असतो. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) असेल तर प्रश्नच नाही. हे करताना सेन्सरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं टकटक करा, वायर पण हलवून बघा, कारण काही बिघाड इंजिन तापल्यावर आणि हादऱ्यातच दिसतात.

अजून एक गोष्ट जी फार कमी लोकांच्या लक्षात येते: बऱ्याच गाड्यांमध्ये स्टार्टर मारताना थ्रॉटल पूर्ण उघडा दिसला तर ईसीयू पेट्रोल बंद करतं, जास्त पेट्रोलने ओलं झालेलं इंजिन सुकवायला. सेन्सर ४.५ ला अडकला असेल तर गाडी चालूच होत नाही आणि लोक फ्युएल पंप बदलत बसतात.

आयडल (पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असतानाचा वेग) वर-खाली होत असेल तर घाणेरडी थ्रॉटल बॉडी (थ्रॉटलची झडप बसवलेला भाग) आणि व्हॅक्यूम लीक (फटीतून इंजिनात शिरणारी जास्तीची हवा) आधी बघा, तो त्रास बऱ्याचदा सेन्सरचा नसतोच. आणि काही फार जुन्या गाड्यांत तिथे पट्टीच नसते, फक्त आयडल आणि फुल थ्रॉटलचे दोन स्विच असतात, त्यांना ही टेस्ट लागू नाही.

नवा बसवताना स्क्रूची भोकं लांबट असतील तर मीटर लावून, बंद थ्रॉटलचं व्होल्टेज मॅन्युअलप्रमाणे आणून मगच आवळा, आणि तीच सावकाश टेस्ट नव्या सेन्सरवर पण करा.