पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदवीचा हिशेब

सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या वायुवीजन टाकीतील तपकिरी पाणी उकळत असल्यासारखे दिसते; प्रत्यक्षात खालून सोडलेल्या हवेवर जगणारे जिवाणू त्यात शहराची घाण खात असतात. हवा किती सोडायची, गाळ किती परत फिरवायचा आणि किती काढून टाकायचा, हे ठरवणे पर्यावरण अभियंत्याचे काम आहे. या कामासाठी लागणारी पदवी किती रुपयांना पडते आणि ते रुपये किती वर्षांत परत येतात, हे नाशिकच्या संदर्भात पाहू.

या शाखेला मागणी आली ती प्रामुख्याने कायद्यामुळे. 1974 चा जलप्रदूषण कायदा, 1981 चा वायुप्रदूषण कायदा आणि 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा यांमुळे सातपूर किंवा अंबडमधील प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते आणि क्रोमियमयुक्त पाणी प्रक्रिया केल्याशिवाय बाहेर सोडता येत नाही. साहजिकच कारखानदार ईटीपीकडे, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाकडे, उत्पादनाचा भाग म्हणून न पाहता खर्चाची बाब म्हणून पाहतो, आणि तो चालवणाऱ्या नवख्या अभियंत्याचा पगारही त्याच खात्यात मोजतो. या क्षेत्रातील सुरुवातीचे पगार संगणक शाखेच्या तुलनेत किरकोळ का वाटतात, याचे बरेचसे उत्तर येथे आहे. पुढे प्रकल्पाचे आरेखन करता येऊ लागले, मंडळापुढे कागदपत्रांची जबाबदारी घेता येऊ लागली, किंवा 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत जागा मिळाली, की परिस्थिती बदलते. पण त्यासाठी काही वर्षे थांबण्याची तयारी आणि घरची तेवढी ऐपत हवी.

आता खर्च. खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण संस्थानिहाय ठरवते, त्यामुळे शेजाऱ्याच्या मुलाने भरलेला आकडा आपल्याला लागू पडेलच असे नाही. समजा, शुल्क आणि वसतिगृह मिळून 6 लाख रुपयांचे कर्ज घेतले, व्याज 10 टक्के आणि फेड सात वर्षांची. मासिक हप्ता सुमारे 9,960 रुपये येतो आणि एकूण परतफेड साधारण 8 लाख 37 हजारांवर जाते. शिक्षण चालू असताना साचणारे व्याज यात धरलेले नाही. पहिला पगार 20 हजारांच्या आसपास असेल, तर निम्मा पगार बँकेचा, हे आधीच समजलेले बरे. मुलींच्या बाबतीत हा हिशेब वेगळा होऊ शकतो: 2024-25 पासून वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे.

माझ्या मते बारावीनंतर थेट पर्यावरण शाखेची पदवी घेण्यापेक्षा स्थापत्य किंवा रसायन शाखेची पदवी आधी घेऊन पर्यावरणात एम.टेक. करणे अधिक सुरक्षित आहे. पदभरतीच्या अनेक जाहिरातींत ‘स्थापत्य’ हाच शब्द असतो आणि तेथे समकक्षतेचा वाद घालत बसणे कोणालाही परवडत नाही. एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत 2021 पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. गेट उत्तीर्ण होऊन एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) योजनेतून दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळाले, तर 24 महिन्यांत 2,97,600 रुपये हाती येतात. याच काळात नोकरीतून 20 हजार मिळाले असते असे धरले, तर बुडालेली रक्कम 4 लाख 80 हजार होते, म्हणजे एम.टेक.ची खरी किंमत शुल्काव्यतिरिक्त 1 लाख 82 हजारांच्या घरात जाते. गेटशिवाय पूर्ण शुल्क भरून केलेले एम.टेक. मात्र मला महागच वाटते.

सिंहस्थाच्या तयारीत गोदावरीच्या स्वच्छतेची कामे निघतात, पण त्यांच्या भरवशावर पदवी निवडू नये, कारण अशी बरीच कामे मुदतीची आणि कंत्राटी असतात.

महाविद्यालय निवडताना प्रयोगशाळा पाहावी. पाण्यातील बीओडीची, म्हणजे घाण खाताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूची, चाचणी 27 अंश सेल्सियसला तीन दिवस चालते. विद्यार्थी ती स्वतः करतात की वहीत आयते आकडे उतरवतात, हे वरच्या वर्गातील मुले मोकळेपणाने सांगतात. प्रशिक्षणासाठी जानेवारी ते मार्चमधील वायनरी उत्तम, कारण द्राक्षे गाळण्याच्या त्या दिवसांत आम्लधर्मी, साखरेने भरलेले सांडपाणी अचानक वाढते आणि संपूर्ण प्रक्रियेची कसोटी लागते. हंगाम सरला की तेच जिवाणू उपाशी राहू लागतात, आणि त्यांना पुढच्या जानेवारीपर्यंत जगवत ठेवणे हेही त्याच पगारात करायचे काम असते.