खिचडीतली हळद

(पहाट. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बचत गटाचं स्वयंपाकघर, मुंबई.)

मोठं पातेलं चढलंय. मोहरी तडतडली, हिंग पडला, आता मूठभर हळद. हा पिवळा आपल्या घरचा. पोराच्या गणवेशावर सांडला तर साबण लागताच लाल होतो आणि उन्हात वाळता वाळता फिका पडतो. धुणं धुणाऱ्या प्रत्येक आईला हे माहीत आहे.

(डबीचं झाकण उघडतं.)

हा दुसरा पिवळा. किराणा दुकानातला खायचा रंग, टार्ट्राझीन. चिमूटभर टाकला की कढईभर पाक रंगतो.

आपल्याकडे असे आठ कृत्रिम रंग कायद्याने चालतात. तेही मिठाई, बिस्किटं, आइस्क्रीम अशा ठरावीक पदार्थांतच, आणि साधारण किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत. रोजच्या खिचडीत, पुलावात त्यांना जागा नाही. मेटॅनिल यलो, रोडामाइन बी हे कारखान्यातले रंग तर अन्नात कुठेच चालत नाहीत.

मग प्रश्न कुठे आहे? पंधरा ऑगस्टच्या जिलेबीत. वॉर्डातल्या रुग्णाच्या ताटातल्या लाल जेलीत. सरकारच्या पैशाने आलेल्या बिस्किटाच्या पुड्यात.

२००७ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट (पदार्थ टिकवायचं रसायन) मिसळलेली पेयं दिली. मुलांची चंचलता वाढलेली दिसली. सगळ्यांत सारखी नाही, पण दुर्लक्ष करावं इतकी कमीही नाही. २०१० पासून युरोपात सहा रंगांपैकी एखादा घातलेल्या पदार्थाच्या पाकिटावर मुलांविषयीचा इशारा छापावा लागतो. टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो फोर आर त्यांतलेच, आणि हे चारही आपल्याकडे चालतात.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला: सरकारी शाळांच्या जेवणात सहा कृत्रिम रंग नकोत, ३१ डिसेंबर २०२७ पासून. वेस्ट व्हर्जिनियाने तर १ ऑगस्ट २०२५ पासूनच शाळेच्या ताटातून सात रंग काढले. दुकानांची वाट न बघता आधी शाळेचं ताट. मला हेच पटतं.

कारण दुकानात काय घ्यायचं ते आई ठरवते. पाकीट उलटं करून वाचते, नको असेल तर परत ठेवते. शाळेच्या रांगेत, अंगणवाडीत, पालिकेच्या रुग्णालयात ती सोय नाही. तिथे समोर येईल ते खायचं. म्हणून जो विकत घेतो, त्यानेच बघून घ्यायला हवं. त्यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. निविदेत एक ठळक ओळ पुरे: कृत्रिम रंग घातलेला कोणताही पदार्थ स्वीकारला जाणार नाही. आणि माल उतरवताना ती ओळ वाचणारा माणूस.

जिलेबीला केशरी रंग हवाच असेल तर हळद आहे, केशर महाग पडतं. थोडी फिकी दिसेल. पोरं तरी दुसरी मागतीलच.

(दुपार. शाळेचा व्हरांडा.)

मांडी घालून बसलेली पोरं. ताटल्या निपटून झाल्यात. एक मुलगी नळाखाली हात चोळतेय, साबणाच्या फेसात तिची पिवळी बोटं लाल होतायत.